ध्वनिमुद्रिकांची नक्कल व पाठशुद्धि

वारणानगराजवळच्या कोल्हापूर दरबारचे गवई अल्लादियाखाँ (१८५५–१९४६) यांच्या शिष्या केसरबाई केरकर यांच्या, मिनिटास ७८ फेऱ्यांच्या, तबकड्यांवरील गायन पुढें सीडीवर आलें, हें संग्राहकांस विदित आहेच. त्याची नक्कल संगणकांत उतरून घेणें म्हणजे पोथीची प्रत करणेंच होय.

सीडींत दर सेकंदास ४४,१०० नमुने असतात. एम्‌पी३ प्रतींत त्यांतील कांहीं अंश कायमचा गळतो. फ्लॅक प्रत आकारानें लहान होऊनहि तिच्यांत एकहि अक्षर गळत नाहीं. शिवाय मूळ ध्वनीचा पडताळा-अंक तींतच नोंदलेला असल्यानें पुढें प्रत बिघडल्यास तें उघडकीस येतें.

तबकड्यांचा आवाज कमी-अधिक असतो. तो सारखा करण्याची दुरुस्ती मूळ पाठांत करूं नये, समासांत लिहावी. फ्लॅकमध्यें ती निराळी टिपतां येते. नमुने अबाधित राहतात. परंतु सीडी वाजविणारें यंत्र ही टीप वाचीत नाहीं. यास्तव नवी सीडी लिहितांना दुरुस्ती नमुन्यांतच उतरवावी लागते. आवाज फाजील वाढविल्यास ध्वनीचीं शिखरें छाटलीं जातात. एकाच मैफलीच्या तुकड्यांस निरनिराळें माप लावल्यास गायकानें राखलेला लहान-मोठ्या आवाजाचा भेदहि नाहींसा होतो.

घरीं लिहिलेल्या सीडीचा रंगथर कालांतरानें विटतो. म्हणून सीडी श्रवणास वापरावी. संग्रहीं मात्र दुरुस्ती न केलेली फ्लॅक प्रत, दोन ठिकाणीं, ठेवावी.