बीलबी चषकांचा कर्तृत्वनिर्णय

अठराव्या शतकात काचेच्या चषकांवर मीनाकाम करणाऱ्या इंग्रज कारागिरांत न्यूकॅसल-अपॉन-टाइन येथील विल्यम बीलबी (१७४०–१८१९) व त्याची बहीण मेरी (१७४९–१७९७) यांना अग्रस्थान दिले जाते. परंतु एखादा चषक ‘बीलबीचा’ आहे असे म्हणताना नेमके काय सिद्ध झालेले असते, हे तपासून पाहणे अगत्याचे आहे.

काच घडविणारा आणि ती रंगविणारा हे सामान्यतः निरनिराळे कारागीर असत. सहज वितळणाऱ्या काचेची रंगीत पूड कालवून कुंचल्याने चषकावर लावीत व मंद आचेच्या भट्टीत ती पक्की करीत. त्यामुळे चषकाचा घाट किंवा त्याच्या दांडीतील पांढरा पीळ यांवरून काळाचा अंदाज बांधता येतो. चित्रकार मात्र ठरत नाही.

चित्रकार ठरविण्याचे पुरावे तीन प्रतींचे आहेत. पहिला स्वाक्षरीचा. तिसऱ्या जॉर्जची राजचिन्हे रंगविलेल्या, १७६२ च्या सुमाराच्या काही चषकांवर बीलबी हे नाव आढळते. दुसरा हस्तसाम्याचा. स्वाक्षरित कामातील कुंचल्याचे फटकारे, छायांकन व ढालीभोवतीची वेलबुट्टी यांच्याशी अनामिक कामाची तुलना करावी लागते. तिसरा केवळ विषयसाम्याचा. द्राक्षवेल, भग्नावशेष किंवा पक्षी यांची पांढरी चित्रे कोणालाही अनुकरता येण्याजोगी असल्याने हा पुरावा सर्वांत दुबळा होय.

मेरीच्या बाबतीत प्रश्न अधिक बिकट होतो. तिचे नाव असलेली एकही स्वाक्षरी ज्ञात नाही. १७६२ मध्ये ती जेमतेम बारा-तेरा वर्षांची होती. तिचा भाऊ राल्फ याच्याकडे १७६७ पासून उमेदवारी केलेल्या टॉमस ब्यूइक या काष्ठचित्रकाराच्या, १८६२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या आत्मवृत्तात तिच्या मीनाकामाचा उल्लेख येतो. तथापि त्यावरून अमुक चषक तिचा, असे ठरत नाही. असे असूनही भव्य राजचिन्हे विल्यमची आणि लहान वेलीफुले मेरीची, अशी वाटणी संग्राहकांत रूढ झाली. या वाटणीस पुराव्यापेक्षा स्त्रियांच्या कामाविषयीच्या पूर्वग्रहाचाच आधार अधिक आहे.

म्हणून स्वाक्षरीविरहित, पण हस्तसाम्य असलेल्या चषकांस ‘बीलबी कार्यशाळा’ एवढेच म्हणणे युक्त ठरते. यात मेरीची उपेक्षा नाही. तिला वेलीफुलांपुरते मर्यादित न करता, नंतरच्या काळातील मोठ्या कामांतही तिचा हात असण्याची शक्यता या संयमामुळेच मोकळी राहते.