लोकर टोचते, उकडते, आटते : खरं किती?

लोकरीचा विषय निघाला की आपल्याकडे ठरलेलं उत्तर येतं, ‘आमच्या हवेत कुठे लागते लोकर? नुसतं उकडतं.’ या तक्रारीत लोकरीचा दोष फार थोडा असतो. विणायला ‘लोकर’ म्हणून दुकानात मिळणारा गुंडा पुष्कळदा अ‍ॅक्रिलिकचा, म्हणजे खनिज तेलापासून बनवलेल्या धाग्याचा असतो. त्यात घाम मुरत नाही, अंग चिकचिकतं आणि बोल लागतो मेंढीला.

खात्री करायची असेल तर धाग्याचा तुकडा चिमट्यात धरून काडी लावा. खरी लोकर सावकाश जळते, केस जळल्याचा वास येतो, ज्योत दूर केली की ती आपोआप विझते आणि उरलेली काळी राख बोटांत चुरली जाते. अ‍ॅक्रिलिक भडकतं, वितळतं आणि त्याची कडक गाठ होते. लोकर केराटिनची असते. हेच प्रथिन आपल्या केसांत आणि नखांतही आहे. लोकरीचे कपडे पटकन पेटतात ही भीतीही म्हणूनच निराधार आहे. लोकर पेटायला साधारण ५७० ते ६०० अंश सेल्सिअस तापमान लागतं. सुती कापड त्याच्या पुष्कळ आधी पेट घेतं.

आता उकाड्याचं. लोकरीच्या तंतूवर बाहेरून बारीक खवले असतात, ते पाण्याचा थेंब अडवतात. आतला गाभा मात्र हवेतली आणि घामाची वाफ शोषत राहतो. स्वतःच्या वजनाच्या जवळपास एक तृतीयांश ओलावा घेऊनही लोकर हाताला कोरडी लागते. म्हणून घामाने अंग चिकचिकत नाही. गारठ्यातही हाच गुण कामी येतो : ओलावा शोषताना ती थोडी उष्णता बाहेर टाकते, शिवाय कुरळ्या तंतूंमध्ये हवा अडकलेली असते. घोंगडीची खोळ घेऊन धनगर भर पावसात मेंढरांमागे उभा राहू शकतो, तो यामुळेच.

टोचते ही तक्रार खरी आहे, पण ती सगळ्या लोकरीला लागू नाही. तंतू साधारण ३० मायक्रॉनपेक्षा जाड असला की त्याचं टोक कातडीत रुतल्यासारखं वाटतं. बहुतेकांच्या बाबतीत ही अ‍ॅलर्जी नसते. मेरिनो जातीच्या मेंढीची लोकर २४ मायक्रॉनच्या आतली, म्हणून ती उघड्या अंगावर चालते. आपल्या दख्खनी मेंढीची लोकर जाडीभरडी. ती अंथरायला, पांघरायला, अंगरख्यावरून घ्यायला. मऊ हवी असेल तर कोकराच्या पहिल्या कातरणीची, म्हणजे जावळाची घोंगडी मागावी. नवी घोंगडी ताठ लागते ती तिला दिलेल्या चिंचोक्याच्या खळीमुळे. वापरात ती मऊ होते, तेवढा धीर धरायला हवा.

आटते, हेही अर्धंच खरं. गरम पाणी आणि चोळणं एकत्र आलं की खवले एकमेकांत अडकतात आणि कापड आवळतं. गार पाण्यात, न चोळता धुतलं तर भीती नाही. मुळात लोकर वारंवार धुवावी लागत नाही. कसर मात्र तिला लागते, म्हणून अधूनमधून ऊन दाखवून झटकायची.

लोकरीसाठी मेंढी मारतात, असंही काहींना वाटतं. तसं नाही, दख्खनी मेंढीची लोकर वर्षातून साधारण दोनदा कातरीने काढतात आणि ती पुन्हा वाढते. मेरिनोच्या बाबतीत एक आक्षेप मात्र रास्त आहे. माश्यांच्या अळ्या पडू नयेत म्हणून ऑस्ट्रेलियात मेंढीच्या मागच्या भागाची कातडी कापण्याची पद्धत आहे. न्यूझीलंडने २०१८ मध्ये तिच्यावर बंदी घातली. महागडी मेरिनो शाल घेताना ती कुठली, हे जरूर विचारा.

इकडे आपल्या माळरानावर कातरणीची मजुरीही सुटत नाही म्हणून काळी दख्खनी लोकर फेकून दिली जाते. मातीत कुजून खत होणारा, वर्षानुवर्षं टिकणारा हा धागा आपण टाकतो आणि प्लास्टिकचं ब्लँकेट विकत आणतो, हे मला अजिबात पटत नाही. पुढचं पांघरूण घेण्याआधी घोंगड्या विणणाऱ्या एखाद्या सणगराकडे जा, सूत हातचं आहे का, काळा रंग मेंढीचाच आहे का हे विचारा आणि मगच पैसे मोजा.