सम न येणारी तबकडी

जानेवारीत जळगावात तबकडी वाजवायची तर आधी सुई बघावी लागते. जिनिंगचा हंगाम असतो, रुईचे बारीक तंतू हवेत तरंगत असतात आणि पाच-सात मिनिटांत सुईच्या टोकाशी त्यांचा राखाडी गोळा जमतो. आवाज बसका होतो, फाटतो. लताबाईंचं गाणं लावलेलं असेल तर घरातलं पोरही सांगेल की काहीतरी बिघडलंय. मी लावला होता अल्बर्ट आयलर. 1964 सालची ‘स्पिरिच्युअल युनिटी’. आयलरचा सॅक्सोफोन मुळातच गळा काढून रडतो, ओरडतो, फाटतो. त्यात रुई किती आणि आयलर किती, हे कळायला मला दोन दिवस लागले.

अवाँ-गार्द जॅझ ऐकणाऱ्याची खरी पंचाईत ही आहे. चाल नाही, ठेका सुटलेला, सूर मुद्दाम तिरपा. मग बिघाड कुठला आणि वादन कुठलं? मला विचाराल तर या संगीताची पहिली तालीम कानाची नसून हाताची आहे. यंत्र आणि तबकडी निर्दोष आहे याची खात्री झाली, की जे काही कानावर पडेल ते वादकाच्या मर्जीचं.

तबकडी धुवायला मला धुळ्याच्या आबांनी शिकवलं. आबा नाट्यगीतांचे शौकीन, नंबरी गल्लीतल्या त्यांच्या माडीवर अठ्ठ्याहत्तर आरपीएमच्या जुन्या तबकड्यांची फडताळं आहेत. जॅझशी त्यांचा संबंध नाही, पण धूळ सगळ्यांना सारखीच. नळाचं पाणी वापरायचं नाही, क्षार खाचेत बसतो. बॅटरीवाल्याकडून डिस्टिल्ड वॉटर आणायचं. मधल्या कागदी लेबलवर डब्याचं झाकण दाबून धरायचं, पाण्यात भांड्यांच्या साबणाचा एक थेंब, मऊ फडकं, आणि हात खाचेच्या अंगाने गोल फिरवायचा. आडवा हात मारला की ओरखडा पडलाच म्हणून समजा. मग नुसत्या डिस्टिल्डने पुन्हा एकदा, आणि भांड्यांच्या जाळीत उभी करून सावलीत वाळवायची. स्पिरिट एलपीला जपून चालतं. अठ्ठ्याहत्तरच्या तबकडीला लावलं तर ती विरघळते, कारण ती लाखेची. हे ज्ञान आबांनी एका नाट्यगीताचा बळी देऊन मिळवलेलं आहे.

एलपी पीव्हीसीची. ज्या गावातून देशभर पाइप जातात त्या गावात पीव्हीसी उन्हात कसं वागतं हे कुणाला सांगावं लागत नाही. तरी माझी एक तबकडी वाकलीच. मे महिना, पारा 45च्या पुढे, आणि बाहेरदेशातून आलेलं पार्सल दुपारभर दारातल्या पत्र्याच्या पेटीवर पडून राहिलं. संध्याकाळी उघडलं तर आत तबकडीची बशी झालेली. दोन काचांमध्ये दाबून ठेवली, थोडी सुधारली. आजही तिच्यावर सुई होडीसारखी हेलकावते.

अवाँ-गार्द जॅझची रेकॉर्ड इथे विकत मिळत नाही. भुसावळच्या रेल्वे कॉलनीकडून आलेल्या भंगारात मला जिम रीव्हज मिळाला, ग्लेन मिलर मिळाला, नाताळची गाणी तर ढिगाने मिळाली. आयलर किंवा ऑर्नेट कोलमन कधीच नाही. मुंबईला गेलं की काळा घोड्याचं ऱ्हिदम हाउस असायचं. तेही 2016 साली बंद झालं. उरतं ते पार्सल, आणि पार्सलबरोबर कस्टमची पावती. घरात त्या पावतीचा विषय मी काढत नाही.

आता मुख्य फजिती. ऑर्नेट कोलमनची ‘फ्री जॅझ’ 21 डिसेंबर 1960 रोजी न्यूयॉर्कमध्ये ध्वनिमुद्रित झाली. दोन चौकड्या एकाच वेळी वाजवतात, एक डाव्या स्पीकरच्या पेटीतून, दुसरी उजव्या. डावीकडे कोलमनचा सॅक्सोफोन आणि डॉन चेरीचा ट्रम्पेट, उजवीकडे एरिक डॉल्फीचं बेस क्लॅरिनेट आणि फ्रेडी हबर्डचा ट्रम्पेट. प्रत्येक बाजूला एक बास, एक ड्रमवाला. साधारण 37 मिनिटांचं सलग वादन, मध्ये उठायचं ते फक्त तबकडी उलटायला. मी तीन महिने ही रेकॉर्ड भक्तिभावाने ऐकली. उजवीकडून नुसती घुरघुर यायची. तीही मी कलेच्या खात्यात जमा केली होती.

शेवटी फुले मार्केटजवळच्या एका रेडिओ दुरुस्तीवाल्याने सुईचं डोकं उलटं करून दाखवलं. त्याच्या पाठीशी केसाएवढ्या चार वायरी असतात. पांढरी आणि निळी डाव्या बाजूची, लाल आणि हिरवी उजव्या बाजूची. लाल सुटली होती. “दादा, तुमचे चार वाजवणारे बाहेरच उभे होते,” असं तो म्हणाला नाही, पण म्हणायला हरकत नव्हती. डाग द्यायचे त्याने तीस रुपये घेतले.

त्या रविवारी आबा एका लग्नासाठी जळगावात होते, मुक्कामाला आमच्याकडे. मी तबकडी लावली आणि उजव्या पेटीतून डॉल्फी पहिल्यांदा बाहेर आला. घोगरा, गुरगुरणारा, मध्येच किंचाळून वर जाणारा. आबांनी सुपारी कातरायची थांबवली. “अरे, हाई ते पावरी शे!” आबांचं बालपण साक्री तालुक्यातलं. तिकडे मार्गशीर्षात डोंगऱ्या देवाच्या उत्सवात पावरी वाजते, भोपळ्याची आणि बांबूची, श्वास न तोडता. दोन वाद्यांचं नातं काही नाही. पण त्या घोगऱ्या आवाजाशी आबांची ओळख जुनी होती, माझी नव्हती. पहिली बाजू संपेपर्यंत ते बसून राहिले, बोटं मांडीवर. मग म्हणाले, “समच येत नाही रे याची.” तक्रार नव्हती ती; मोजून पाहून दिलेला अहवाल होता.

मग मी त्यांच्यापुढे ठेवली ‘जॅझ मीट्स इंडिया’. 1967, पश्चिम जर्मनीतल्या साबा कंपनीची. स्वित्झर्लंडची पियानोवादक इरेन श्वाइत्सर हिची तिकडी, सतारवादक दिवाण मोतीहार यांची तिकडी, आणि जोडीला ट्रम्पेट, सॅक्सोफोन. तबल्यावर केशव साठे. मुंबईचा हा माणूस 1950च्या दशकात लंडनला गेला आणि 1966च्या ‘इंडो-जॅझ सूट’मध्येही त्याचाच तबला आहे. तिथे सोबत होता जमैकाचा जो हॅरियट, ज्याने लंडनमध्ये आपल्या पद्धतीने मुक्त जॅझचे प्रयोग केले होते. चांगल्या संगीतज्ञांच्या तोंडीही साठ्यांचं नाव मी क्वचित ऐकलं.

ऐकायची माझी रीत साधी आहे: एका वेळी एकच वाद्य धरायचं, बाकीच्यांना गर्दी समजायचं. आबांनी अर्थातच तबला धरला. पियानो आणि ट्रम्पेट अंगावर आले तरी त्यांनी तो सोडला नाही. कव्हर चष्म्याजवळ नेऊन त्यांनी नाव दोनदा वाचलं. सतारीबद्दल आणि जॅझबद्दल त्यांचं मत मात्र प्रतिकूलच राहिलं: “दोघं एकमेकांना पाहुण्यासारखे वागवतात.” मला हे मत बऱ्याच अंशी पटतं. कोलमनच्या दोन चौकड्या घरातल्यासारख्या भांडतात, ते इथे होत नाही.

ज्या तबकडीत पाहुणचार संपतो, ती एकवीस वर्षांनंतरची. 1988 सालची त्रिलोक गुर्टूंची ‘उस्फ्रेट’. तीत त्यांच्या आईचा, शोभा गुर्टूंचा आवाज आहे आणि ट्रम्पेटवर डॉन चेरी आहे. माझ्या डाव्या पेटीतला, वायर सुटली तरी तीन महिने मला सोबत करणारा तोच चेरी. ही आबांना अजून ऐकवायची आहे. धुळ्याला टर्नटेबल नेणं म्हणजे एसटीत मांडीवर लहान मूल नेण्यासारखं, म्हणून राहिलंय.

तुमच्या माळ्यावर परदेशातल्या काका-मामांनी आणलेल्या तबकड्या असतील, तर किलोवर देण्याआधी कव्हरची मागची बाजू वाचा. बारीक अक्षरात एखादा साठे निघू शकतो. आणि तोवर त्या उभ्या ठेवा, आडव्या रचू नका. माळ्याच्या पत्र्याखाली तर नकोच.