पान उघडत नाही? आधी मोबाईलचं वय बघा

जून-जुलैच्या बंदीत बोटी किनाऱ्याला लागल्या की आपल्यातली काही घरं देवदर्शनाला निघतात. उज्जैनला रामघाटावर क्षिप्रेत अंघोळ झाली, पायरीवर बसून परतीच्या गाडीचं बुकिंग उघडलं, तर पान पांढरंफटक. नाहीतर "ब्राउझर जुना आहे" असा संदेश. रेंज फुल असते, म्हणून माणूस आणखीच वैतागतो.

दोष फोनच्या वयाचा असतो. जुन्या अँड्रॉईडला नवा क्रोम मिळतच नाही. अँड्रॉईड 6 ला तो 106 वर थांबला, 7 ला 119 वर, 8 आणि 9 ला 138 वर. दुसरं कारण शिक्क्याचं. कोणत्या संस्थेचा शिक्का असलेली साईट खरी मानायची, याची यादी फोनमध्ये असते. लेट्स एन्क्रिप्ट ही संस्था असंख्य साईटना असा शिक्का फुकट देते. जुन्या फोनना चालावी म्हणून केलेली तिची सोय 30 सप्टेंबर 2024 ला संपली. त्यामुळे अँड्रॉईड 6 किंवा त्याहून जुना फोन चांगल्या साईटलाही असुरक्षित म्हणू शकतो.

पण थांबा, आधी फोनची तारीख बघा. बोटीवर ठेवलेला जुना फोन बॅटरी पूर्ण उतरून बंद पडला की कधीकधी मागची तारीख दाखवतो, आणि तेवढ्यानेही हाच इशारा येतो. तारीख बरोबर असेल तर प्ले स्टोअरमधून क्रोम अपडेट करा. अपडेट दिसतच नसेल तर घरातल्या नव्या फोनवरून काम करा.

इशारा डावलून पुढे जाऊन पैसे भरू नका. पिन, ओटीपी तर मुळीच टाकू नका. आणि सगळ्यात धोक्याचं हे: "ब्राउझर जुना झाला, इथून डाउनलोड करा" असे खोटे संदेशही फिरतात. त्यातली एपीके फाईल घेतली की फोन परक्याच्या हातात. खरा अपडेट प्ले स्टोअरमध्येच मिळतो, लिंकवर नाही.

साईट बनवणाऱ्यांनाही आमचं सांगणं आहे. जुना फोन आला म्हणून कोरं पान दाखवू नका. निदान साधा मजकूर, फोन नंबर आणि काय करायचं ते मराठीत दिसू द्या. बोटीच्या लायसनसाठी येणाऱ्या नाखव्याकडे दरवर्षी नवा फोन कुठला असणार?

2028 ला उज्जैनचा सिंहस्थ आहे. जाणाऱ्यांनी बुकिंग घरूनच करावं, तिकिटाची छापील प्रत पिशवीत ठेवावी. फोनची आवृत्ती सेटिंगमध्ये "फोनविषयी" इथे दिसते. सापडली नाही तर फोन घेऊन संस्थेत या, बघून देऊ.