सेकंड-हँड मॉडेल रेल्वे इंजिन हळू चालतंय? स्क्रू उघडण्याआधी हे तपासा

बाबा मूळचे उमरेडचे. त्यांचं कॉलेज इतवारी-नागभीडच्या छोट्या लाईनवर झालं. २०१९ मध्ये ब्रॉडगेजसाठी ती लाईन बंद झाली, तेव्हापासून ते कडबी चौकातल्या नॅरोगेज म्युझियममध्ये जाऊन मन रमवतात. म्हणून त्यांच्या साठीला मी ऑनलाइन एक जुनं मॉडेल डिझेल इंजिन घेतलं. एचओ स्केल, २८०० रुपये.

लकडगंजच्या घरी हॉलमध्ये रूळ मांडले, कंट्रोलर फुल केला, आणि इंजिन सरपटतच निघालं. आई म्हणाली, "हे तर बैलगाडीपेक्षा हळू चालून राहिलंय!"

विकणाऱ्याची अट अशी होती: सात दिवसांत परत घेईन, पण स्क्रू उघडला तर नाही. म्हणजे आत न पाहताच दोष शोधायचा होता. कोडमधला बग आम्ही असाच शोधतो: आधी मोजायचं, मग एकेक भाग वेगळा करून तपासायचा. चला, स्टेप बाय स्टेप बघूया.

१. हळू म्हणजे नेमकं किती?

सरळ रुळावर एक मीटर अंतर मोजून खुणा करा आणि मोबाईलवर व्हिडिओ काढा. एचओ स्केल म्हणजे १:८७. त्यामुळे ३१३ ला लागलेल्या सेकंदांनी भागलं की खऱ्या गाडीच्या हिशेबात ताशी किलोमीटर मिळतात. (ओओ स्केल असेल तर २७४ ला भागा.) माझ्या इंजिनाला १३ सेकंद लागले, म्हणजे ताशी २४ किमी. चांगलं इंजिन पूर्ण १२ व्होल्टवर सहज शंभरच्या वर जातं.

तोच व्हिडिओ स्लो-मोशनमध्ये पाहा. इंजिन अडखळत असेल तर वीज नीट पोचत नाहीये. एकसारखं हळू असेल तर व्होल्टेज कमी आहे किंवा आत काहीतरी जड झालंय.

२. दोष रुळात की इंजिनात?

साध्या डीसी सेटमध्ये वीज कंट्रोलरमधून रुळात, रुळातून चाकांत आणि चाकांना टेकलेल्या पातळ पट्ट्यांतून मोटरमध्ये जाते. इंजिन मऊ कपड्यावर उलटं ठेवा आणि ९ व्होल्टच्या बॅटरीच्या दोन वायर दोन्ही बाजूंच्या चाकांना लावा. काही जुन्या इंजिनांत एका बोगीची उजवी आणि दुसऱ्या बोगीची डावी चाकंच वीज घेतात, तेव्हा तसंही लावून बघा.

इथे चाकं जोरात फिरली तर दोष रुळात किंवा कंट्रोलरमध्ये आहे. इंजिन चालू असताना मल्टिमीटरने रुळावरचं व्होल्टेज जवळ आणि दूर, दोन्हीकडे मोजा. दूरच्या टोकाला ते बरंच कमी भरलं तर रुळांचे सांधे ढिले आहेत.

इंजिनात डीसीसीची चिप आहे का, हेही विक्रेत्याला विचारा. अशी इंजिनं साध्या डीसीवर उशिरा सुटतात आणि हळूही चालतात. तो बिघाड नाही.

माझं इंजिन बॅटरीवरही हळूच. म्हणजे दोष इंजिनातच होता.

३. चाकं साफ करा

रुळावर आयसोप्रोपिल अल्कोहोलने ओला कपडा टाका. अर्धी चाकं कपड्यावर आणि अर्धी रुळावर ठेवून इंजिन हाताने धरा आणि चालवा. कपड्यावर काळे पट्टे उमटतात. आमच्याकडे आरा मशीनचा भुसा घरात येतो, त्यामुळे हे दर महिन्याला आलंच. पॉलिश पेपर मात्र वापरू नका, ओरखड्यांत घाण अजून बसते. सफाईनंतर १३ चे १० सेकंद झाले. फरक पडला, पण पुरेसा नाही.

४. करंट मोजा

मल्टिमीटर एका वायरच्या मध्ये, म्हणजे सिरीजमध्ये जोडा. अँपिअर मोडवर तो थेट दोन रुळांना कधीच लावू नका, शॉर्ट होईल. वेग कमी आणि करंटही कमी, तर वीज पोचत नाहीये. वेग कमी पण करंट जास्त, तर मोटरला जोर लावावा लागतोय.

माझा करंट ०.६ अँपिअर होता. पाच मिनिटं चालवल्यावर तो ०.४ वर आला आणि वेग थोडा वाढला. इथेच उत्तर सापडलं: गरम झाल्यावर सैल होणारी गोष्ट म्हणजे वाळलेलं ग्रीस.

५. परत करायचं की उघडायचं?

कट-कट आवाज येत असेल तर गिअर तडकलेलं असू शकतं. जळका वास येत असेल किंवा इंजिन तापल्यावरही करंट उतरत नसेल, तर मोटरवर संशय घ्या. अशा वेळी सरळ परत करा. माझ्याकडे यातलं काहीच नव्हतं, म्हणून सहाव्या दिवशी स्क्रू उघडला.

गिअरवरचं ग्रीस लाखेसारखं घट्ट झालं होतं. ते पुसलं, बेअरिंगवर प्लास्टिकला चालणाऱ्या पातळ तेलाचा एकेक थेंब दिला आणि गिअरवर तसंच थोडं ग्रीस लावलं. खोबरेल नको, नागपूरच्या थंडीत ते गोठतं. मोटरच्या कार्बन ब्रशजवळ तेल अजिबात जाऊ देऊ नका.

आता एक मीटर ३ सेकंदांत, म्हणजे ताशी १०४ किमी. करंट ०.२५.

साठीच्या दिवशी बाबांनी कंट्रोलर घेतला आणि वेग हळूहळू कमी करत आणला. "आमची गाडी उमरेडच्या आधी एवढीच चालायची," म्हणाले. मी गुपचूप मोबाईलवर मोजलं. एक मीटर, १३ सेकंद. पण या वेळी एकदाही अडखळलं नाही.