पाय कुठे पडला?

मागच्या नोव्हेंबरात दिल्लीची हवा बिघडली आणि मैदानावरचा सराव बंद झाला. मग पोल व्हॉल्टच्या मुलांना मी वर्गात बसवले आणि सप्टेंबरपासून साठलेले त्यांच्या उड्यांचे व्हिडिओ प्रोजेक्टरवर लावले. पोल व्हॉल्ट म्हणजे आपली जुनी बांबू उडी. बांबू गेला, फायबर ग्लासचा पोल आला, एवढाच फरक. त्या आठवड्यात मुलांपेक्षा मीच जास्त शिकलो. पालकांनाही उपयोग व्हावा म्हणून सविस्तर लिहितो.

आमच्यात अकरावीचा एक कॅडेट आहे. त्याला विचारूनच लिहितो आहे, पण नाव नको. गेल्या वर्षी ३ मीटर सहज ओलांडणारा हा मुलगा यंदा दहापैकी चार-पाच वेळा शेवटच्या क्षणी पोल सोडून नुसताच गादीवर धावत जाई. मी मैदानावर व्हिडिओ पाहिला, पाय ठीक पडलेला दिसला, आणि सगळ्यांसमोर म्हणालो, "छाती कमी पडते आहे तुझी." सैनिकी शाळेत हे वाक्य मुलाच्या किती दिवस डोक्यात राहते, हे मला कळायला हवे होते.

भीती म्हणजे भित्रेपणा नव्हे, याचे उदाहरण दिल्लीतच घडून गेलेले आहे. २०१० च्या राष्ट्रकुल स्पर्धेत जवाहरलाल नेहरू स्टेडियमवर ऑस्ट्रेलियाच्या स्टीव्ह हूकरने ५.६० मीटर उडी मारून सुवर्णपदक घेतले. तो २००८ चा ऑलिंपिक विजेता. त्याच हूकरने २०१२ मध्ये जाहीरपणे सांगितले की धावत येतो, पण उड्डाणच होत नाही. अशा माणसाला छाती नाही असे कोण म्हणेल?

आता मूळ मुद्दा. उडीचे भवितव्य पट्टीपाशी ठरत नाही, जमीन सोडताना ठरते. उजव्या हाताचा खेळाडू डाव्या पायावर उडतो आणि त्याचा उजवा हात पोलवर सर्वांत वर असतो. पायाचे बोट जमीन सोडते त्या क्षणी वरचा हात बरोबर त्या बोटाच्या वर हवा. पाय त्यापुढे, म्हणजे गादीच्या बाजूला पडला, तर पोल शरीराला मागे खेचतो, कंबरेला हिसका बसतो आणि धावून कमावलेला वेग तिथेच वाया जातो. सेकंदाला ८ मीटर वेगाने धावणाऱ्याची सगळी ऊर्जा उंचीत बदलली, तर शरीराचा गुरुत्वमध्य सुमारे सव्वातीन मीटर वर जाईल. उंची देणारी मुख्य शिदोरी हीच. ती या एका पावलात सांडते.

पाय कुठे पडायला हवा, हे नववीच्या गणिताने काढता येते. समजा, पोलवरची वरची पकड ३.८० मीटरवर आहे. हात ताणून उभे राहिल्यावर उंची २.२० मीटर भरते. पोल ज्या पेटीत टेकतो ती मागच्या भिंतीपाशी २० सेंटीमीटर खोल असते, म्हणून उभी बाजू २.४० मीटर. कर्ण ३.८०. पायथागोरस लावला की पाया येतो साधारण २.९५ मीटर. त्या भिंतीपासून तेवढ्या अंतरावर पाय पडायला हवा. प्रत्येकाने आपापला आकडा काढला. गणिताच्या तासाला झोपणारेही त्या दिवशी जागे होते.

मग माझा व्हिडिओ खोटे का बोलला? मुलांना पट्टी ओलांडली की नाही एवढेच पाहायचे असते, म्हणून फोन नेहमी गादीजवळ, खांबाशी धरला जाई. डावा पाय आणि उजवा हात एका रेषेत नसतात, त्यांच्यात आडवे वीतभर अंतर असते. गादीच्या बाजूने तिरके पाहिले की हात आहे त्यापेक्षा पुढे गेलेला दिसतो आणि आत पडलेला पाय जागेवर असल्यासारखा भासतो. शिवाय साधा फोन सेकंदाला ३० चित्रे घेतो. ८ मीटर वेगाने धावणारा मुलगा दोन चित्रांच्या मध्ये २७ सेंटीमीटर पुढे सरकतो. बोट जमीन सोडते तो क्षण बहुतेक वेळा त्या फटीतच हरवतो. स्लो मोशनमध्ये सेकंदाला २४० चित्रे घेतली, तर हे अंतर साडेतीन सेंटीमीटरच्याही आत येते.

हवा सुधारल्यावर आम्ही तिपाई उड्डाणाच्या जागेसमोर, धावपट्टीशी काटकोनात, पंधरा मीटर लांब ठेवली. उंची कमरेएवढी. फोन फिरवायचा नाही, पट्टी दिसली नाही तरी चालेल. ऊन चांगले हवे, धुरकट सकाळी चित्र फरफटते. त्या कॅडेटची उडी पडद्यावर थांबवली, वरच्या हातापासून खाली दोरा धरला, तर पाय सुमारे ३५ सेंटीमीटर आत होता. इतक्या जवळून वर जाणे धोक्याचे, म्हणून त्याचे शरीर शहाणपणाने नकार देत होते.

कारण आणखी मागे सापडले. सुट्टीत तो उंच झाला होता आणि पायांत जोरही आला होता. बारा पावलांच्या धावेत प्रत्येक पाऊल तीनच सेंटीमीटर लांबले, तरी शेवटी ३६ सेंटीमीटरचा फरक पडतो. सुरुवातीची खूण मात्र गेल्या वर्षीचीच होती, आणि ती मोजायचे काम माझे होते. पुढच्या सकाळी पीटीनंतर सगळ्यांसमोर मी त्याची माफी मागितली. तो "येस सर" म्हणाला आणि टेप आणायला गेला.

मोठ्या खेळाडूंचे व्हिडिओ जरूर पाहा, पण जपून. डुप्लांटिसने २०२५ मध्ये टोकियोला ६.३० मीटरचा विश्वविक्रम केला, तो पाहून मुले पट्टीवरची त्याची उलटी कमान उचलायला जातात. त्याचा सेकंदाला दहा मीटरहून अधिक वेग कोणी उचलत नाही. देव मीणाने त्याच वर्षी देहरादूनच्या राष्ट्रीय क्रीडा स्पर्धेत ५.३२ मीटर उडी मारली. अशांची शेवटची सहा पावले मी मुलांना आधी दाखवतो, पट्टी नंतर. आपल्याकडची मल्लखांब केलेली मुले उलटे होण्यात तरबेज असतात, पण सवयीने हात लवकर ओढतात. तेही व्हिडिओत लगेच दिसते.

पालकांसाठी एक खुलासा. मुलांचे फोन जमाच असतात. चित्रण माझ्या फोनवर होते आणि पडल्याच्या क्लिप कोणालाही पाठवल्या जात नाहीत.

नव्या खुणेवरून पहिले दोन आठवडे त्याचे पाऊल कधी पुढे, कधी मागे पडत राहिले. आता दहापैकी आठ वेळा ते जागेवर येते, आणि धावत सुटणे थांबले आहे. ३.२० वर मांडी लागून पट्टी पडते. ही चूक झोक्याची आहे. त्यासाठी तिपाई गादीकडे सरकवावी लागेल, कारण तो प्रश्न वेगळा आहे.