जाळ्यात अडकलेली धामण
विमानतळासाठी उलव्याची टेकडी सपाट झाली, वसाहत वाढली. परसात साप दिसणे आता नवलाचे नाही. धामण बिनविषारी असून उंदीर खाते. कुंपणास बांधलेल्या मासेमारीच्या जुन्या जाळ्यात ती शिरली की मागे वळलेल्या खवल्यांमुळे तिला माघारी फिरता येत नाही. धडपडीने दोरा कातडीत रुततो. लोक तिला नाग समजून काठी उचलतात (काठी घेऊन धावणारे बहुधा मोठेच असतात!). शिक्षकांनी मुलांस दूर न्यावे. ओळखण्यात चूक होऊ शकते, म्हणून जवळ जाऊ नये, जाळे ओढू नये. ऊन असल्यास लांब काठीने वर ओले गोणपाट टाकावे व वनखात्यास १९२६ या क्रमांकावर कळवावे. अंगण आपले असले, तरी १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यान्वये धामण मारणे गुन्हाच होय. सुटकेनंतर ते जाळे काढून, गुंडाळून आढ्यास टांगण्यास घरमालकास सांगावे.